फ्रेडी मर्क्युरीची चरित्रं आणि नागपूरचे वाचक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण धरमपेठेतल्या एका गच्चीवर जमतो आणि क्वीन या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावर लिहिलेली पुस्तकं वाचून वाद घालतो. नवीन माणूस आला की तेच प्रश्न नव्यानं विचारतो, जुनी मंडळी तीच भांडणं नव्यानं उकरतात आणि पोहे थंड होतात. म्हणून हे एकदाचं लिहून ठेवतेय. उत्तरं माझी आहेत. बाकीच्यांना ती सगळी मान्य आहेत असं नाही. जिथं फारच फाटलं तिथं तसं सांगितलंय.

नागपुरात बसून फ्रेडी मर्क्युरी? काहून?

हे ‘काहून’ माझ्या सासऱ्यांचं. बैठक त्यांच्याच गच्चीवर भरते, त्यामुळे त्यांना विचारायचा हक्क आहे.

आमच्यातले निम्मे लोक बर्डीच्या बाजारातून भरून आणलेल्या कॅसेटींवर वाढले. कव्हरवर फोटो नाही, गाण्यांची नावं निळ्या पेनानं लिहिलेली, त्यातही दोन चुकलेली. गाणारा कोण, कुठला, काही पत्ता नाही. १९९१ च्या नोव्हेंबरात तो गेल्यावर आम्हाला कळलं की हा माणूस पाचगणीत शिकला होता. तेव्हा जो धक्का बसला, तो अजून पुरता ओसरलेला नाही. उरलेले निम्मे त्याच्यावरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ हा २०१८ चा चित्रपट पाहून आले. या दोन निम्म्यांचं एकमेकांशी पटत नाही, त्यावरच बैठक चालते.

सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू?

पुस्तकाचं नाव विचारण्याआधी सांगणारा कोण हे विचारा. फ्रेडीबद्दल लिहिणाऱ्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

एक, पत्रकार. हे शंभर जणांना भेटतात, तारखा लावतात, आणि जिथं माहिती कमी पडते तिथं मानसशास्त्र भरतात. दुसरा, पदरी काम केलेला माणूस. पीटर फ्रीस्टोन हा लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसच्या कपडेपटात होता. १९७९ मध्ये फ्रेडी एका मदतनिधीच्या कार्यक्रमात रॉयल बॅलेबरोबर नाचला तेव्हा ओळख झाली आणि पुढं शेवटपर्यंत, सुमारे बारा वर्षं, तो त्याचा खासगी मदतनीस होता. तिसरा, घरातला. जिम हटन हा आयरिश केशकर्तनकार फ्रेडीचा शेवटची काही वर्षं जोडीदार होता आणि त्याच्या आठवणी १९९४ मध्ये आल्या, म्हणजे फ्रेडी जाऊन तीन वर्षं होतात न होतात तोच.

माझं मत विचाराल तर मदतनिसापासून सुरू करा. त्याला फ्रेडीला मोठं करायचं नाही आणि उघडंही पाडायचं नाही. कुठला शर्ट कधी इस्त्रीला गेला हे त्याला माहीत आहे, आणि माणूस बराचसा तिथंच सापडतो. गच्चीवरचं बहुमत मात्र पत्रकाराच्या बाजूनं आहे, कारण त्यात ‘सगळं’ मिळतं. हटनचं पुस्तक सर्वांत शेवटी वाचा. त्यात मांजरी आहेत, बागेतल्या तळ्यातले कोई मासे आहेत, आणि दोन माणसांचं एका घरातलं रोजचं राहणं आहे. आमच्यातल्या एका निवृत्त बँक मॅनेजरसाहेबांनी ते आधी ‘काय हे चव्हाट्यावर आणणं’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. नंतर एका रात्रीत वाचून काढलं आणि पुढच्या बैठकीला काहीच बोलले नाहीत.

चित्रपट पाहिला आहे. मग चरित्र कशाला?

चित्रपटानं तारखा हलवल्या आहेत म्हणून.

पडद्यावर १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या कार्यक्रमाआधी फ्रेडी आपल्या साथीदारांना आजाराचं सांगतो. हटनच्या आठवणींप्रमाणे निदान १९८७ चं आहे. पडद्यावर बँड फुटलेला असतो आणि लाइव्ह एडसाठी पुन्हा एकत्र येतो. प्रत्यक्षात १९८४ मध्ये त्यांची नवी तबकडी आली होती, जानेवारी १९८५ मध्ये ते रिओत वाजवत होते आणि मे महिन्यात जपानमध्ये दौरा संपवून आले होते. म्हणजे लाइव्ह एडला लंडनच्या वेम्बलीत ती एकवीस मिनिटं जमून गेली, कारण हात चालू होते. चित्रपटात फ्रेडीनं एकट्यानं तबकडी काढली म्हणून साथीदार दुखावतात. पण बँडचा ड्रमवादक रॉजर टेलर याची स्वतंत्र तबकडी १९८१ लाच येऊन गेली होती, गिटारवादक ब्रायन मेचीही १९८३ ला.

चित्रपटवाल्या निम्म्यांचं यावर उत्तर ठरलेलं आहे: ‘गोष्ट सांगायची तर एवढं चालतं.’ चालतं. कीर्तनकारही प्रसंग पुढंमागं करतो आणि आपण डोळे पुसतो. पण कीर्तन ऐकून आल्यावर तारखेवरून भांडू नये. आमच्याकडं ते भांडतात.

पाचगणीबद्दल चरित्रांमध्ये काय आहे? आपल्याकडच्या चाहत्यांना ते पटतं का?

हा आमचा सर्वांत लाडका आणि सर्वांत कडू विषय.

आधी जे सगळीकडं जुळतं ते. फारूख बलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. वडील बोमी तिथल्या न्यायालयात ब्रिटिश सरकारचे रोखपाल. पोरगं आठ वर्षांचं असताना समुद्रमार्गे मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. ‘फ्रेडी’ हे नाव तिथलंच. मुख्याध्यापकांनी घरी पत्र लिहिलं की मुलाला संगीताचं अंग आहे, वेगळी फी भरलीत तर पियानो शिकवू, घरच्यांनी भरली. चौथ्या ग्रेडपर्यंत परीक्षा दिल्या. टेबल टेनिस बरं खेळायचा. बाराव्या वर्षी पाच पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि शाळेच्या कार्यक्रमांत क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायला लागले. मजा अशी की त्या बँडमध्ये मुख्य गायक फ्रेडी नव्हता. तो पियानोवर बसायचा आणि मागून सूर भरायचा. पाचांपैकी एक जण पुढं नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर गेला.

आता तक्रार. परदेशी लेखक पाचगणी लिहायला लागला की पानावर धुकं येतं, डोंगर येतात, ब्रिटिश शिस्त येते, आणि आईपासून तोडलेलं एकटं लेकरू येतं. मग त्या लेकरावरून पुढचं सगळं आयुष्य सोडवलं जातं. स्टेजवरचा तोरा? वसतिगृह. घरात माणसांचा गोतावळा? वसतिगृह. लाजाळूपणा? तेही वसतिगृहच. आमच्यातला एक जण लहानपणी बोर्डिंगमध्ये होता (कुठल्या ते तो सांगू देत नाही). तो हे प्रकरण वाचून उखडला. ‘बाप्पा, आम्ही का रडलो नाही? गादीत तोंड खुपसून रडलो ना बे. मग आम्ही काहून नाही झालो रॉकस्टार?’

त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दु:ख पुष्कळांच्या वाट्याला येतं. पाचगणीत त्या मुलाच्या वाट्याला दु:खाखेरीज एक पियानो आला, शिकवणारं कोणी आलं, आणि बरोबर वाजवणारी चार पोरं आली. एखाद्या चरित्रात रडण्याला तीन पानं आणि पियानोच्या फीला एक ओळ असेल, तर वजनात काटा मारलाय असं समजावं.

तो लता मंगेशकरांची गाणी ऐकायचा, हे खरं का?

बालपणीच्या प्रभावांमध्ये त्यांचं नाव लिहिलेलं आढळतं आणि मराठी वाचकाचा ऊर भरून येतो. माझाही आला होता. पण त्या एका ओळीवर आपण इमला चढवतो. त्या काळात भारतात आठ-नऊ वर्षं राहिलेल्या कुणाच्याही कानावर लताबाई पडल्याच असणार. त्यासाठी पुरावा लागत नाही आणि त्यानं काही सिद्धही होत नाही. त्याच्या गाण्यांमध्ये ऑपेरा आहे, जुन्या इंग्रजी नाटकगृहांतला नखरा आहे, चर्चमधल्या समूहगानासारखे थर आहेत. त्याच्या गाण्यात लताबाईंची जागा सापडली तर मला बोलवा, मी पोहे करून ठेवते.

त्यानं आपलं पारशीपण लपवलं का?

या प्रश्नावर आमच्यात दोन तट आहेत आणि दोन्हीकडं जुने मित्र आहेत.

लपवलं म्हणणाऱ्यांकडं नाव आहे. बलसारा हे आडनाव गुजरातेतल्या बलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलं. १९७० च्या सुमारास ते गेलं आणि मर्क्युरी आलं. मुलाखतींत झांझिबार, पाचगणी, आईवडील यांच्याबद्दल तो क्वचितच बोलला. १९६४ च्या झांझिबारमधल्या क्रांतीनंतर हे कुटुंब लंडनजवळच्या फेल्थमला आलं, तेव्हा त्या देशात सावळ्या माणसाला काय ऐकावं लागायचं ते आठवा, असं हे लोक म्हणतात. नाही म्हणणाऱ्यांकडं त्याचा अंत्यविधी आहे: लंडनमध्ये, पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनेनं. ज्याला टाकायचं होतं त्यानं तेही टाकलं असतं.

आमच्याकडं बैरामजी टाउनहून एक वयस्क पारशी काका कधीमधी येतात. नागपूरच्या पारशांचा विषय निघाला की ते आधी एम्प्रेस मिलवर जातात: जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली, बेझनजी मेहतांनी चालवलेली. मग बराच वेळ ते तिथंच असतात. पण एकदा फ्रेडीवर आले आणि म्हणाले, ‘डिकरा, लपवलं वगैरे काही नाय. तिकडे कोणी विचारलंच नाय, अने इकडे आपण विचारलं तवर तो गेला.’

मला हे उत्तर पटतं, अर्धं. विचारलं असतं तरी त्यानं विषय बदलला असता असं वाटतं. पण ‘लपवणं’ आणि ‘न सांगणं’ यांत जे अंतर आहे ते बऱ्याच चरित्रकारांनी नीट मोजलेलं नाही. एकदा ‘दुहेरी आयुष्य’ हा शब्द सापडला की त्यांना त्यात सगळं कोंबायचं असतं: धर्म, रंग, प्रेम, आजार. चारही गोष्टी न सांगण्याची कारणं वेगळी होती.

आजारपणाचं प्रकरण वाचवत नाही. सोडून दिलं तर चालेल?

चालेल. मीही पहिल्यांदा सोडलं होतं.

घटना एवढ्याच: २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याच्या वतीनं निवेदन निघालं की त्याला एड्स आहे, आणि दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, केन्सिंग्टनमधल्या गार्डन लॉज या घरी तो गेला. वय ४५. निमित्त झालं न्यूमोनियाचं. त्याआधी कित्येक महिने दाराबाहेर छायाचित्रकार तळ ठोकून होते.

चाहत्यांचा खरा राग या पानांच्या संख्येवर आहे. माझी एक खोड सांगते. फ्रेडीवरचं नवीन पुस्तक हातात आलं की मी दोन ठिकाणं उघडून पानं मोजते. पहिलं ठिकाण, शेवटचं वर्ष. दुसरं, १९७५ चा उन्हाळा-पावसाळा, म्हणजे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ हे सहा मिनिटांना पाच सेकंद कमी असलेलं गाणं ध्वनिमुद्रित झालं तो काळ. वेल्समधल्या एका शेतावरच्या स्टुडिओत सुरुवात करून, बाकीच्या स्टुडिओंत फिरत, काम तीन आठवडे चाललं. ऑपेराच्या भागात जो जमाव गातोय असं वाटतं ते फक्त तिघं आहेत: फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. दिवसाला दहा-बारा तास तेच सूर पुन:पुन्हा गाऊन एकावर एक चढवले. टेप इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा थर झिजून आरपार दिसायला लागलं. हा सगळा नकाशा फ्रेडीच्या डोक्यात होता; बाकीच्यांना शेवटी काय तयार होणार ते बनताना पुरतं दिसत नव्हतं.

दुसऱ्या ठिकाणी चार पानं आणि पहिल्या ठिकाणी ऐंशी असतील, तर मी पुस्तक परत ठेवते. माणूस मेला कसा हे सांगायला ऐंशी पानं लागत नाहीत.

याला उलट बाजू आहे आणि ती आमच्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी लावून धरली. १९९०-९१ मध्ये नागपुरात या आजाराचं नाव दबक्या आवाजात घेत होते, पेशंटच्या कॉटजवळ जायला लोक कां-कू करायचे. तेव्हा एका जगप्रसिद्ध माणसाच्या नावापुढं तो शब्द छापून आला, याचं मोल त्या काळात काम केलेल्यांनाच कळेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासमोर मी पानं मोजत नाही.

२०२५ च्या पुस्तकातल्या मुलीच्या दाव्याचं काय?

थोडक्यात: फ्रेडीला १९७६ च्या सुमारास झालेली एक मुलगी होती आणि त्यानं तिला हातानं लिहिलेल्या सतरा वह्या दिल्या होत्या, असा दावा त्या चरित्रात आहे. फ्रेडीची आयुष्यभराची मैत्रीण मेरी ऑस्टिन हिनं आपल्याला असं मूल किंवा अशा वह्या कधीच ठाऊक नव्हत्या असं सांगितलं.

गच्चीवर यावरून जे झालं ते बैठकीच्या इतिहासात झालं नव्हतं. कुणी म्हणालं, इतकी वर्षं कुणाला कळलं नाही हे शक्यच नाही. कुणी म्हणालं, याच माणसानं आजार शेवटच्या दिवसापर्यंत जगापासून लपवून ठेवला, तर हे का नाही? माझ्या लक्षात आलं ते वेगळंच. दावा खरा का खोटा यावर कमी आणि ‘आपल्याला इतकी वर्षं माहीत नव्हतं’ यावर जास्त आवाज चढत होता. पस्तीस वर्षं चाहता असलेल्याला पाहुण्यासारखं बाहेरच्या खोलीत बसवल्यावर जे वाटतं ते. वह्या सगळ्यांसमोर आल्याशिवाय मी कुठल्याच बाजूला नाही.

मेरी ऑस्टिनबद्दल चाहते इतके कडवट का?

घर तिला मिळालं, अस्थी कुठं ठेवल्या ते तिनं सांगितलं नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये घरातल्या वस्तू लंडनला लिलावात गेल्या. त्याचा यामाहा पियानो एकटाच सतरा लाख पौंडांच्या वर गेला. पुष्कळांना वाटलं की संग्रहालय व्हायला हवं होतं. मला विचाराल तर ज्या बाईला त्यानं स्वतः सगळं सोपवलं, तिनं ते तीस वर्षं सांभाळलं. पुढचं आपण नागपुरातून ठरवू नये.

चार सप्तकांचा आवाज होता म्हणतात?

म्हणतात. २०१६ मध्ये युरोपातल्या आवाजाच्या अभ्यासकांनी त्याची ध्वनिमुद्रणं तपासली. चार सप्तकांना त्यांना आधार मिळाला नाही. पण बोलण्याच्या आवाजावरून तो मुळात खर्जाकडचा गळा असावा असं निघालं, आणि त्याच्या सुराचं कंपन नेहमीच्या गायकांपेक्षा जलद, सेकंदाला सातच्या आसपास आढळलं. आमच्यातले शास्त्रीय शिकलेले गृहस्थ हे ऐकून म्हणाले, ‘सप्तकं मोजणं म्हणजे किराणा झाला.’ मग स्वतःच पेटी काढून मोजत बसले.

दात?

जास्तीचे चार. आवाज बदलेल या भीतीनं कधी काढले नाहीत. पुढचा प्रश्न.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला वाचायला द्यावं का?

द्या. शिकवणीच्या तीन बॅचच्या मध्ये त्याला वेळ मिळाला तर. पार्ट्या, व्यसनं, नाती सगळं आहे आणि ते त्याला तुमच्याआधी माहीत आहे. त्याला बहुधा माहीत नसतं ते हे: हा माणूस ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला, केन्सिंग्टनच्या बाजारात रॉजर टेलरबरोबर जुने कपडे विकायचा, आणि क्वीनचं बोधचिन्ह त्यानं स्वतः काढलं. चौघांच्या राशींवरून: दोन सिंह, एक खेकडा, आणि कन्येसाठी दोन पऱ्या. कन्या रास त्याची स्वतःची.

शेवट चांगला लिहिलेलं एखादं चरित्र आहे का?

माझ्या मते चांगला शेवट निवेदनावर होत नाही, अंत्ययात्रेवरही नाही. तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावच्या स्टुडिओत होतो. १९९१ चा मे महिना. उभं राहणं जड जातंय, तरी तो येईल तेव्हा येतो आणि गातो. ‘लिहून द्या, मी गाऊन ठेवतो, पुढचं तुम्ही पुरं करा’ असा एकंदर रोख. शेवटच्या ध्वनिमुद्रणात एक कडवं राहिलं. नंतर येऊन करतो म्हणाला. ते आलंच नाही. ब्रायन मेनं स्वतःच्या आवाजात भरलं आणि १९९५ मध्ये ते गाणं बाहेर पडलं.

ज्या चरित्रात हे दोन परिच्छेदांत उरकलंय ते आमच्याकडं कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे.

२४ नोव्हेंबरला काही कार्यक्रम असतो का?

नाही. पुण्यतिथी करायची टूम एकदा निघाली होती, फोटोला हार घालण्यापर्यंत गेली. बोर्डिंगवाल्यानं विचारलं, ‘अन् आरती कोण म्हणणार?’ तेव्हापासून बंद. त्या सुमाराला नागपुरात थंडी पडायला लागते. शाली गुंडाळून गच्चीवर बसतो, एक तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो, मध्ये कुणी बोलत नाही. सासरे खालून हाक मारतात, आवाज कमी करा. करतो.

पुस्तकं उसनी मिळतील का?

मिळतील. वहीत नाव लिहायचं, एका महिन्यात परत. पेन्सिलीनं खुणा चालतील, पेनानं नाही. हटनच्या आठवणींची प्रत एकच आहे, तिच्यासाठी नंबर लागतो. पत्रकारवाल्या जाड चरित्राच्या पाचगणीच्या पानांवर तर्रीचा डाग आहे. तो कुणी पाडला यावर चर्चा झालेली आहे, पुन्हा काढू नये.